अर्ध्या पैशाचा हिशेब
संगणकीय नोंदींतील पूर्णांकन व अचूकता

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती अमलात आली. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पई असा हिशेब होता. नव्या पद्धतीत रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आठ आणे म्हणजे पन्नास पैसे, चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, इथवर सारे सुरळीत होते. परंतु एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे आणि सव्वासहा पैशांचे नाणे कोणत्याही टांकसाळीत पाडले जात नव्हते. त्यामुळे रूपांतराचे एक कोष्टक ठरवून देण्यात आले. एका आण्याचे सहा पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस व चार आण्यांचे पंचवीस असे ते कोष्टक होते. दोन आणे म्हणजे वास्तविक साडेबारा पैसे. तेथील अर्धा पैसा सोडून देण्यात आला. तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस पैसे. तेथे पूर्ण एकोणीस धरण्यात आले.

या कोष्टकाप्रमाणे एकेका आण्याच्या चार वस्तू चार वेळा निरनिराळ्या घेतल्या तर चोवीस पैसे होत आणि त्याच वस्तू एकदम घेतल्या तर पंचवीस. या एका पैशाच्या फरकात कोणाची लबाडी नव्हती. ज्या राशी नाण्यांत बसत नाहीत त्या नाण्यांत बसवताना कोठेतरी काहीतरी सोडावे किंवा धरावे लागते आणि ते कसे करावयाचे याचा नियम असावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. या क्रियेला 'पूर्णांकन' असे म्हणतात.

आज हेच काम संगणक करतो. वेतन व निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती व अनुदान, कर्जावरील व्याज, विजेचे देयक, वस्तू व सेवा कर, जमिनीचे क्षेत्र या सर्वांच्या नोंदी आता डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातील सुसूत्र माहितीसाठ्यात, ठेवल्या जातात. वहीत हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला अर्धा पैसा आला म्हणजे तो क्षणभर थांबे आणि वरिष्ठांना विचारी. संगणक थांबत नाही व विचारीतही नाही. त्याला जी आज्ञावली दिली असेल तिच्याप्रमाणे तो लाखो नोंदींवर एकच निर्णय बजावतो. म्हणूनच पूर्णांकनाचा नियम कोणता, तो कोणी ठरवला आणि कोठे लिहून ठेवला, हे प्रश्न केवळ आज्ञावली लिहिणाऱ्या तंत्रज्ञांचे राहत नाहीत. ते प्रशासनाचे आणि सामान्य नागरिकाचेही प्रश्न होतात.

पूर्णांकनाच्या पद्धती

पूर्णांकनाच्या प्रमुख पद्धती चार आहेत. पहिली छाटणीची पद्धत. नको असलेले दशांश सरळ कापून टाकावयाचे. या पद्धतीत १२.९९ चे १२ होतात. दुसरी, नेहमी वरच्या पूर्णांकाकडे जाण्याची. तिच्यात १२.०१ चे १३ होतात. शंभर विद्यार्थ्यांसाठी तीस आसनांच्या किती गाड्या लागतील, असा प्रश्न असेल तर हीच पद्धत योग्य ठरते. कारण उत्तर ३.३३ आले तरी गाड्या चारच मागवाव्या लागतात. तिसरी पद्धत आपण शाळेत शिकलो ती. अर्धा किंवा अर्ध्याहून अधिक असेल तर पुढचा अंक धरावयाचा, कमी असेल तर सोडावयाचा. चौथी पद्धत तिच्यासारखीच आहे. मात्र अपूर्णांक बरोबर अर्धा असेल तेव्हा ती जवळच्या सम अंकाकडे जाते. त्यामुळे २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. इंग्रजी व्यवहारात हिला सावकारी पूर्णांकन अशा अर्थाचे नाव आहे.

ही चौथी पद्धत प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तिचे प्रयोजन एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ या चार राशींची बेरीज ८ होते. शाळेतील पद्धतीने प्रत्येक राशीचे पूर्णांकन केले तर १, २, ३ व ४ मिळून बेरीज १० होते. सम अंकाच्या पद्धतीने ०, २, २ व ४ मिळून बेरीज ८ च राहते. शाळेतील पद्धतीत बरोबर अर्ध्यावर असलेली प्रत्येक राशी वरच जाते, त्यामुळे मोठ्या बेरजेत थोडी थोडी वाढ साचत जाते. सम अंकाच्या पद्धतीत अशा राशी साधारणपणे निम्म्या वर व निम्म्या खाली जातात आणि फुगवटा राहत नाही. भारतीय मानक संस्थेने १९६० साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या 'आयएस २' या मानकाने वैज्ञानिक व औद्योगिक मापनांसाठी हीच पद्धत सांगितली आहे.

पैशांच्या बाबतीत मात्र कायद्याने वेगळा मार्ग स्वीकारला आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० प्रमाणे कर, व्याज, दंड वा परतावा यांची रक्कम नजीकच्या रुपयात पूर्णांकित करावयाची असते. पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास एक रुपया धरावयाचा, त्याहून कमी असल्यास सोडून द्यावयाचे. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याच्या आदेशांतही हाच नियम असतो. १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम २८८-अ प्रमाणे एकूण उत्पन्नातील पैसे आधी सोडून द्यावयाचे आणि मग शेवटचा अंक पाच वा अधिक असल्यास पुढच्या, अन्यथा मागच्या दहाच्या पटीत रक्कम न्यावयाची, अशी तरतूद होती.

तात्पर्य, यांपैकी कोणतीही एक पद्धत सर्वत्र बरोबर आणि बाकीच्या चूक, असे नाही. ज्या कामासाठी जो नियम विधीने किंवा आदेशाने ठरवून दिला आहे तो त्या कामासाठी बरोबर. संगणकाला हे आपोआप कळत नाही, ते त्याला सांगावे लागते.

छाटणीने बुडालेला निर्देशांक

चुकीच्या पद्धतीने काय होऊ शकते याचे एक उदाहरण कॅनडात घडले. वँकूव्हर येथील रोखे बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १,००० या आधारावर नवा निर्देशांक सुरू केला. बाजारातील प्रत्येक व्यवहारानंतर संगणक हा निर्देशांक नव्याने काढी व तीन दशांशस्थळांपर्यंत साठवून ठेवी. दिवसातून हे काम सुमारे तीन हजार वेळा होई. चौथे दशांशस्थळ आल्यावर आज्ञावली पूर्णांकन न करता ते छाटून टाकीत असे.

एका छाटणीत सरासरीने एका एककाचा दोन हजारावा भाग नाहीसा होई. हे नुकसान इतके सूक्ष्म होते की, कोणाच्याही डोळ्यांत भरू नये. परंतु छाटणी नेहमी एकाच दिशेने होते. खाली गेलेला अंश पुन्हा वर येत नाही आणि पुढची गणना आधीच्या छाटलेल्या आकड्यावरच उभी राहते. या गतीने दरमहा सुमारे पंचवीस अंक गळत राहिले. बाजार साधारणपणे चांगला चालला असतानाही निर्देशांक घसरतच होता. २५ नोव्हेंबर १९८३ च्या शुक्रवारी तो ५२४.८११ वर बंद झाला. चूक शोधून आकडे नव्याने काढण्यात आले, तेव्हा सोमवारी तो १,०९८.८९२ वर उघडला. बावीस महिन्यांत निम्म्याहून अधिक निर्देशांक केवळ चौथ्या दशांशस्थळाने गिळला होता.

एका वेळची चूक किती लहान आहे, एवढे पाहून भागत नाही. ती किती वेळा घडते आणि दर वेळी एकाच बाजूला झुकते काय, हेही पाहिले पाहिजे.

आणा संगणकाला कळतो, पैसा कळत नाही

आता दुसऱ्या, अधिक खोल प्रश्नाकडे वळू. आपण दहाच्या पटीत मोजतो, संगणक दोनच्या पटीत मोजतो. त्याच्याजवळ शून्य आणि एक हे दोनच अंक आहेत. पूर्णांकांच्या बाबतीत यामुळे अडचण येत नाही. अपूर्णांकांच्या बाबतीत मात्र येते.

आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहू गेल्यास ०.३३३३ असे तीन संपतच नाहीत. द्विमान पद्धतीत हीच गत एक दशमांशाची होते. ज्या अपूर्णांकाचा छेद दोन, चार, आठ, सोळा असा दोनाच्या घातात असतो तोच द्विमान पद्धतीत पूर्णपणे लिहिता येतो. आपल्या जुन्या व्यवहारातील अर्धा, पाव, पाऊण ही सर्व मापे संगणकाला नेमकी कळतात. रुपयाचा सोळावा भाग म्हणजे आणा, तोही त्याला तंतोतंत कळतो. रुपयाचा शंभरावा भाग म्हणजे पैसा मात्र त्याला द्विमान अपूर्णांकात तंतोतंत मांडता येत नाही. शून्य ते नव्याण्णव पैसे या शंभर राशींपैकी शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर एवढ्या चारच राशी द्विमान अपूर्णांकात अचूक बसतात. बाकीच्या शहाण्णव राशींचे केवळ जवळचे रूप साठवले जाते.

अशा साठवणुकीला 'फ्लोट' म्हणतात. तिची आंतरराष्ट्रीय प्रमाण रीत १९८५ साली ठरली. दुहेरी अचूकतेच्या फ्लोटमध्ये ०.१ लिहिले तर चूक अठराव्या दशांशस्थळी प्रकट होते. एवढ्या लहान चुकीची फिकीर कशाला करावी, असे कोणी म्हणेल. परंतु ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवली तर या रीतीने उत्तर १ येत नाही. ते ०.९९९९९९९९९९९९९९९९ असे येते. 'ज्या खात्याची बेरीज बरोबर १ आहे ती खाती दाखव' असे संगणकाला सांगितले तर हे खाते यादीतून गळते. त्याचप्रमाणे २.६७५ ही रक्कम फ्लोटमध्ये प्रत्यक्षात २.६७४९९९९९ अशी, किंचित कमी साठवली जाते. तिचे दोन दशांशस्थळांपर्यंत पूर्णांकन मागितले तर संगणक २.६७ देतो आणि हाताने हिशेब करणारा लेखापाल २.६८ देतो. संगणकाचे गणित चुकलेले नसते. त्याला दिलेली संख्याच निराळी असते.

एकेरी अचूकतेच्या फ्लोटची मर्यादा तर आणखी जवळ आहे. १,६७,७७,२१६ या संख्येच्या पुढे त्यात प्रत्येक पूर्णांकसुद्धा साठवता येत नाही. १,६७,७७,२१७ लिहिले तर परत १,६७,७७,२१६ च मिळतात. म्हणजे पावणेदोन कोटी रुपयांच्या तरतुदीत पैसे तर राहोतच, रुपयाचीही खात्री उरत नाही.

ही सूक्ष्म चूक जिवावर कशी बेतते याचा दाखला आखाती युद्धात मिळाला. सौदी अरेबियातील दहरान येथे बसवलेली 'पेट्रियट' ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा वेळेची मोजणी सेकंदाच्या दहाव्या भागात करीत असे. ०.१ ही संख्या तिच्यात चोवीस द्विमान स्थळांपर्यंत छाटून ठेवलेली होती. दर मोजणीत होणारी चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही थोडी कमी होती. यंत्रणा सलग सुमारे शंभर तास चालू राहिली आणि चूक ०.३४ सेकंदांपर्यंत साचली. तेवढ्या वेळात येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी यंत्रणेने त्याचा शोध चुकीच्या जागी घेतला आणि अठ्ठावीस सैनिक प्राणास मुकले.

रकाना कोणता निवडावा

डेटाबेस तयार करताना प्रत्येक रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती राहील हे आधी सांगावे लागते. रकमांसाठी यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे. तो म्हणजे 'डेसिमल' किंवा 'न्यूमरिक' या नावाने ओळखला जाणारा प्रकार. यात संख्या दशमान रूपातच, अंकांगणिक सांभाळली जाते. एकूण अंक किती आणि त्यांपैकी दशांशचिन्हानंतर किती, हे दोन आकडे देऊन रकाना आखावा लागतो. एकूण सात अंक व त्यांतील दोन दशांशाचे असा रकाना आखला तर त्यात ९९,९९९.९९ पर्यंतची रक्कम मावते. एक लाख रुपये त्यात मावत नाहीत. म्हणून आजची गरज पाहून रकाना न आखता, पुढील वीसपंचवीस वर्षांची गरज पाहून आखावा. दुसरा मार्ग म्हणजे सर्व रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून साठवणे आणि छापताना तेवढे रुपये-पैसे करणे.

लांबी, तापमान, पर्जन्यमान यांसारख्या मोजमापांना फ्लोट चालतो; कारण मोजणाऱ्या उपकरणातच त्याहून मोठी चूक असते. रक्कम ही मोजलेली नसून मोजून दिलेली असते. तेथे 'जवळजवळ' या शब्दाला जागा नाही.

मात्र डेसिमल निवडला म्हणजे सर्व प्रश्न मिटले असेही नाही. दोन दशांशस्थळांच्या रकान्यात तीन दशांशस्थळांची रक्कम लिहिली तर बहुतेक डेटाबेस तक्रार न करता पूर्णांकन करून ती आत घेतात. भागाकाराचा एक सापळा तर नवशिक्यांना हमखास पकडतो. पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर यांमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले असता उत्तर पूर्णांकच येते. साठपैकी पंचेचाळीस विद्यार्थी उपस्थित असतील आणि शेकडेवारी काढण्यासाठी आधी ४५ ला ६० ने भागून मग १०० ने गुणले, तर भागाकार शून्य येतो आणि उपस्थितीही शून्य टक्के दिसते. भागण्यापूर्वी दशांशयुक्त १०० ने गुणले तर बरोबर ७५ टक्के येतात.

एकच आज्ञा, दोन उत्तरे

'राउंड' ही पूर्णांकनाची आज्ञा जवळजवळ प्रत्येक संगणकीय भाषेत आहे. नाव एक असले तरी सर्वत्र तिचा अर्थ एक नाही. ऑरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस डेसिमल प्रकारातील २.५ चे ३ करतात. पोस्टग्रेसमध्येच ती संख्या फ्लोट प्रकारची असेल तर साधारणतः उत्तर २ येते. पायथन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत उत्तर २ आहे, दुसऱ्या आवृत्तीत ते ३ होते. एक्सेलच्या तक्त्यात ३ येते आणि त्याच एक्सेलला जोडून येणाऱ्या व्हिज्युअल बेसिकच्या आज्ञावलीत २ येते.

एखाद्या कार्यालयात रकमा डेटाबेसमध्ये काढल्या जातात, तपासणी एक्सेलमध्ये होते आणि देयके तिसऱ्याच आज्ञावलीतून छापली जातात. अशा ठिकाणी तिन्ही टप्प्यांवर एकच नियम पाळला जातो की नाही हे कोणी पाहिले नसेल, तर महिन्याच्या अखेरीस काही रुपयांचा मेळ बसत नाही. मग तो फरक शोधण्यात त्या फरकाच्या कैक पट किमतीचे मनुष्यतास खर्ची पडतात.

वजा रकमांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. उणे २.५ चे उणे ३ करावयाचे की उणे २? एखादी वसुली रद्द करून परत द्यावयाची असेल तर मूळ रक्कम व परतावा यांची वजाबाकी शून्यच आली पाहिजे. 'अर्धा नेहमी वर' असा नियम अक्षरशः पाळला तर २.५ चे ३ आणि उणे २.५ चे उणे २ होऊन एक रुपया शिल्लक राहतो.

आधी बेरीज की आधी पूर्णांकन?

पद्धतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न क्रमाचा आहे. एक वस्तू ९९ रुपये ५० पैशांची आहे आणि तिच्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे असे धरू. कर १७ रुपये ९१ पैसे होतो. परंतु राज्यांतर्गत विक्रीत हा कर केंद्राचा नऊ टक्के व राज्याचा नऊ टक्के असा दोन ओळींत दाखवला जातो. प्रत्येकी ८.९५५ रुपये, म्हणजे पैशांपर्यंत पूर्णांकन करून ८.९६. दोन्ही मिळून १७ रुपये ९२ पैसे. एक पैसा कोठून आला, असे ग्राहकाने विचारले तर दुकानदाराला उत्तर देता येत नाही. हजार ओळींच्या हिशेबात प्रत्येक ओळीवर आधी पूर्णांकन करून मग बेरीज करणे आणि आधी बेरीज करून शेवटी एकदाच पूर्णांकन करणे, यांत काही रुपयांचाही फरक पडू शकतो.

पूर्णांकनावर पुन्हा पूर्णांकन करणे हा तर निश्चितच दोष होय. एखाद्या योजनेसाठी किमान पन्नास टक्के गुणांची अट आहे आणि एका विद्यार्थ्याला ४९.४६ टक्के गुण आहेत, असे समजा. नियमाने नजीकच्या पूर्णांकाची सवलत दिली असेल, तर थेट पूर्णांकनाने ४९ होतात आणि तो अपात्र ठरतो. परंतु गुणपत्रिकेच्या डेटाबेसने ते आधी ४९.५ असे एका दशांशस्थळाला साठवले आणि योजनेच्या आज्ञावलीने त्याचे पुन्हा पूर्णांकन केले, तर ५० होतात आणि तो पात्र ठरतो. त्याच गुणांचा दुसरा विद्यार्थी, ज्याची माहिती दोन दशांशांसह आली, तो बाहेर राहतो. समान गुणांना असमान न्याय मिळण्यास येथे कोणाचा पक्षपात कारण होत नाही. कारण होतो तो नोंदीतला एक दशांश.

निव्वळ छापलेल्या आकड्याने राजकीय निकालही डळमळू शकतो. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यात ५ एप्रिल १९९२ रोजी निवडणूक झाली. तेथे पक्षाला जागा मिळण्यासाठी साधारणपणे पाच टक्के मते लागतात. हरित पक्षाला ५.० टक्के मते मिळाल्याचे संगणकाच्या छापील तक्त्यावर दिसत होते. प्रत्यक्षात ती ४.९७ टक्के होती. तक्ता एकाच दशांशस्थळापर्यंत छापला जात असल्याने पूर्णांकित आकडा पुढे आला होता. चूक लक्षात आल्यावर हरित पक्षाच्या जागा गेल्या आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला ८९ पैकी ४५ जागा, म्हणजे एका जागेचे बहुमत मिळाले. कागदावर दाखवावयाचा आकडा आणि निर्णयासाठी वापरावयाचा आकडा हे दोन वेगळे ठेवले पाहिजेत, हा यातील धडा होय.

जमिनीचा आर आणि गुंठा

आपल्याकडे हा विषय सर्वांत जिव्हाळ्याचा होतो तो जमिनीच्या बाबतीत. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत असते. लोकांच्या बोलण्यात मात्र अजून एकर आणि गुंठेच आहेत. चाळीस गुंठ्यांचा एकर. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, मेट्रिक मापात १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे १.०११७ आर. रूपांतराचा हा गुणक कोणी सोयीसाठी १.०१ असा ठेवला, तर एका एकराचे ४०.४० आर होतील. वास्तविक ते ४०.४७ आर आहेत. फरक जवळजवळ सात चौरस मीटरांचा, म्हणजे सुमारे चौऱ्याहत्तर चौरस फुटांचा. गावठाणाजवळच्या जागेत एवढ्या भूमीसाठी भावाभावांत वितुष्ट येते आणि दावे वर्षानुवर्षे चालतात. येथे निकालाचे पूर्णांकन करणे दोषास्पद नव्हते. गुणकाचेच पूर्णांकन केले गेले, तो दोष होय.

युरोपीय समुदायाने १९९७ साली युरो या चलनासाठी नियम केला तेव्हा नेमकी हीच दक्षता घेतली. प्रत्येक जुन्या चलनाचा दर सहा सार्थ अंकांनी ठरवण्यात आला. एक युरो म्हणजे १.९५५८३ जर्मन मार्क. हा दर रूपांतर करताना पूर्णांकित करू नये वा छाटू नये, त्याचा व्यस्त दर काढून वापरू नये, आणि बरोबर अर्धा आल्यास वरचा आकडा धरावा, हे सारे नियमातच लिहिलेले होते. जानेवारी १९९९ पासून हे दर लागू झाले.

वाटणीचा प्रश्न याहून निराळा आहे. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर जमीन तीन वारसांत समान वाटावयाची आहे. प्रत्येकाच्या वाट्याला ३,३३३ चौरस मीटर लिहिले तर बेरीज ९,९९९ होते आणि एक चौरस मीटर कोणाच्याच नावावर राहत नाही. प्रत्येकाचे वेगळे पूर्णांकन करून हा मेळ कधीच बसणार नाही. यावर उपाय असा की, प्रथम सर्वांना पूर्णांक हिस्से द्यावेत, उरलेली एकके मोजावीत आणि ज्यांचा अपूर्णांक सर्वांत मोठा असेल त्यांना ती एकेक करून द्यावीत. अपूर्णांक समान असतील तर क्रम कोणता, तेही आधी लिहून ठेवावे. अनुदानाची रक्कम अनेक गावांत किंवा एका देयकावरील सूट अनेक वस्तूंत वाटतानाही हीच रीत उपयोगी पडते. हिश्श्यांची बेरीज मूळ राशीइतकी झालीच पाहिजे, ही तपासणी आज्ञावलीतच घालून ठेवता येते.

कार्यालयांनी घ्यावयाची दक्षता

संगणकीकरणाचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवताना पडदे कसे दिसावेत, अहवाल कोणते निघावेत यांची चर्चा पुष्कळ होते. पूर्णांकनाबाबत मात्र कागदपत्रांत सहसा एक ओळही नसते. ती पोकळी मग आज्ञावली लिहिणारा तरुण आपल्या समजुतीप्रमाणे भरतो किंवा भाषेचा मूळ स्वभावच तिथे नियम होऊन बसतो. हे टाळण्यासाठी काही गोष्टी कामाच्या आरंभीच लिहून ठेवणे इष्ट होय. कोणती रक्कम कोणत्या कायद्यानुसार वा आदेशानुसार पूर्णांकित होणार, किती दशांशस्थळांपर्यंत, बरोबर अर्धा आल्यास काय करावयाचे, आणि पूर्णांकन प्रत्येक ओळीवर की एकूण बेरजेवर, हे मुद्दे त्यात असावेत. मधल्या पायऱ्यांवर जादा दशांश राखावेत आणि पूर्णांकन शेवटी, एकदाच करावे. पात्रता ठरवताना मूळ आकडा वापरावा, छापलेला नव्हे. पूर्णांकनामुळे पडलेला फरक लपवू नये, त्याच्यासाठी हिशेबात स्वतंत्र ओळ ठेवावी.

चाचणीसाठी नमुने निवडताना सोयीच्या रकमा घेऊन भागत नाही. शंभर, दोनशे, पाचशे अशा रकमांवर प्रत्येक आज्ञावली बरोबरच उत्तर देते. २.५, २.६७५, उणे २.५, ४९.४६, तिघांत वाटावयाची दहा हजाराची राशी, रकान्यात मावणारी सर्वांत मोठी रक्कम, अशा अडचणीच्या राशी देऊन पाहावे. त्यांची उत्तरे हाताने काढून ठेवावीत आणि आज्ञावलीत बदल झाला की, प्रत्येक वेळी ती पुन्हा पडताळावीत. हे काम लेखा शाखेतील अनुभवी कर्मचारी संगणकतज्ज्ञाइतकेच चांगले करू शकेल.

नागरिकांच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगावीशी वाटते. देयकात वा उताऱ्यात एका पैशाचा, एका चौरस मीटरचा फरक दिसला तर 'संगणकानेच काढले आहे' या उत्तरावर समाधान मानण्याचे कारण नाही. संगणकाने काढले म्हणजे कोणीतरी दिलेल्या नियमाने काढले. तो नियम कोणता, एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि तो सांगता येणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे.

पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. बाजारात पैसा दिसेनासा झाला, पण हिशेबाच्या रकान्यात तो आजही आहे. १९५७ सालच्या कोष्टकात एका आण्याचे किती पैसे मिळणार हे प्रत्येकाला दुकानात टांगलेल्या तक्त्यावर वाचता येत होते आणि कमी मिळाल्यास तक्त्याकडे बोट दाखवता येत होते. आजच्या संगणकीय हिशेबालाही असा उघड, सर्वांना वाचता येण्याजोगा तक्ता असला पाहिजे.